इको सर

त्यांना काहीही सांगितलं की ते आधी तेच परत म्हणून दाखवायचे आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत थांबायचे. "ताई, तुम्ही म्हणालात, एसी बंद करायचा. बरोबर?" आपण 'बरोबर' म्हटल्याशिवाय त्यांचा हात रिमोटकडे जात नसे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनीच सांगितलं. सगळी नोकरी अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात गेली होती. तिथे एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं.

"अणुभट्टीसमोर 'मला वाटलं' चालत नाही, ताई."

घरीही चालत नसावं. मुलगी पहिलीत असताना वर्गातल्या बाईंनी तिचं वाक्य परत म्हटलं, तर ही मान हलवून त्यांना 'बरोबर' म्हणाली. बाईंनी बापाला बोलावून घेतलं. ही गोष्ट ते हसत सांगत. त्यांना हसताना मी पाहिलं ते बहुतेक तेवढंच.

नोएडातल्या आमच्या ऑफिसात विजेची खरेदी-विक्री चालते. उद्याच्या विजेसाठी आज बाराच्या आत बोली लावायची, दुपारी भाव कळतो. दिवसाचे छोटे छोटे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा. भाजीमंडीतला फ्लॉवर संध्याकाळपर्यंत राहतो तरी, वीज राहत नाही. दुपारी ऊन असतं, सौर वीज इतकी येते की भाव तळाला जातो. दिवेलागणीला तोच भाव छताला टेकतो. मी या कामात वीस-एक वर्षं काढली. या बाजारात कुणावर जीव लावायचा नसतो, ना कोळशावर, ना उन्हावर.

त्यांचा मात्र अणुविजेवर होता. अणुवीज खासगी ग्राहकांना विकता येईल अशी चर्चा सुरू झाली तेव्हा आमच्या साहेबांनी त्यांना निवृत्तीनंतर बोलावून घेतलं. त्यांचा विभाग म्हणजे ते एकटे, एक टेबल आणि दिल्लीत मुनिरकातली भाड्याची खोली. मुलगी नागपूरहून 'बाबा, या इकडे' म्हणत होती. ते म्हणायचे, एक करार होऊ दे, मग येतो.

डेस्कवरची पोरं त्यांना इको सर म्हणायची, इको म्हणजे प्रतिध्वनी, आणि तेही तोंडावरच. दुपारी स्क्रीनवर भाव कोसळला की एक जण हमखास छेडायचा, "सर, दोपहर में अपने रिएक्टर को लंच ब्रेक दे दो ना."

"'लंच ब्रेक दे दो', ऐसा कहा आपने. सही?"

"सही, सर."

"नहीं दे सकते. वो खाना नहीं खाता, तो छुट्टी किस बात की?"

पोरं हसायची. ते हसायचे नाहीत, कारण दुखणं नेमकं तिथेच होतं. अणुवीज केंद्र बांधायला पैसा अफाट लागतो, चालवायला त्या मानाने थोडा. म्हणून ते अखंड चालायला हवं, थांबवून काही वाचत नाही. कोळशाचं केंद्र दुपारी थोडं कमी करता येतं. बॅटरी दुपारची वीज संध्याकाळी देते. यांची भट्टी दुपारीही तेवढीच आणि रात्रीही तेवढीच.

"आमची वीज म्हणजे डबा आहे, ताई," ते एकदा कँटीनमध्ये म्हणाले. "डबा लावलेला माणूस रोज भाव विचारत नाही. तुमच्या बाजारात सगळे रोज हॉटेलात जेवणारे."

"मग डबा लावणारा शोधा," मी म्हटलं.

"डबा लावणारा शोधायचा. बरोबर?"

"बरोबर."

आणि त्यांनी शोधला. हरियाणातल्या मानेसरचा गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना, तिन्ही पाळ्या चालणारा. नव्या अणुवीज प्रकल्पातून बरीच वर्षं ठरल्या भावाने वीज घ्यायची, असा प्रस्ताव त्यांनी तयार केला. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, मानेसरवाले हो म्हणाले तर विभाग राहील, नाहीतर मार्चअखेर बंद. तेही त्यांनी परत म्हणून दाखवलं होतं. साहेबांना 'बरोबर' म्हणावं लागलं.

मीटिंगला मी बरोबर गेले. कारखान्याचे खरेदीप्रमुख दिलखुलास माणूस, बोलणं मात्र सगळं विस्कटलेलं. सौर, बॅटरी, बायकोच्या भावाचा कुठला तरी सौर प्रकल्प, सरकारचा भरवसा नाही, पुढच्या वर्षी आपणच कुठे असू कोण जाणे. पाच मिनिटं बोलले आणि स्वतःच कुठे होतो ते विसरले. अशा वेळी विकणाऱ्याने गोड हसून आपला मुद्दा पुढे सरकवायचा असतो. त्या गोंधळात आम्हाला भरपूर वाव होता.

इको सरांनी हात जोडून टेबलावर ठेवले.

"आपने कहा, दिन में धूप की बिजली सस्ती है. शाम के लिए बैटरी हर साल सस्ती हो रही है. और हमारा प्लांट बनने तक आप दस साल क्यों रुकें. सही?"

खरेदीप्रमुखांनी टेबलावर थाप मारली. "बिल्कुल सही. यार, आपने तो मुझसे अच्छा बोल दिया." शेजारी बसलेल्या हिशेबनीसबाईंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मग इको सर आपलं बोलले. जानेवारीत धुकं बसतं, दिवसचे दिवस ऊन नसतं, बॅटरी भरणार कशी, तेव्हा बाजारात भाव काय असेल. सगळं खरं होतं.

"चार दिन के कोहरे के लिए दस साल?" खरेदीप्रमुखांनी विचारलं.

"'चार दिन के कोहरे के लिए दस साल.' सही?"

"सही, सर."

चहा आला, तो प्यायलो आणि निघालो.

गाडीत मी विचारलं, "त्यांचं म्हणणं तुम्ही का परत म्हणालात? त्यांना स्वतःला तरी एवढं कुठे कळलं होतं?"

"मला नीट कळलं की नाही ते बघायला नको?"

"आणि आपलं काम?"

"'आपलं काम', असं तुम्ही..." एवढं म्हणून ते थांबले. बाहेर कंपन्यांच्या बसगाड्या रांगेत उभ्या होत्या. पुढे ते 'बरोबर?' म्हणाले नाहीत.

कारखान्याने हरियाणातल्याच एका प्रकल्पाची सौर वीज घेतली, बॅटरीसकट. मार्चअखेर टेबल रिकामं झालं. सामोसे आणले, फोटो काढला, ते नागपूरला मुलीकडे निघाले. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. बाराच्या आत बोली जायची होती. मी म्हटलं, "पोहोचल्यावर फोन करा." ते म्हणाले, "पोहोचल्यावर फोन करायचा. बरोबर?" मी बरोबर म्हटलं. त्यांनी केला.

पुढच्या जानेवारीत धुकं बसलं ते उठेचना. समोरची मेट्रो आवाजावरून ओळखायची. सौर वीज नावापुरती, भाव सकाळपासून छताला. मानेसरहून खरेदीप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, वो आपके हर बात दोहरानेवाले सर का नंबर देंगी? बस, बात करनी है." मी म्हटलं, आधी मीच विचारून बघते.

कामात राहून गेलं. दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं, दुपारचा भाव नेहमीसारखा खाली आला. मानेसरहून पुन्हा फोन आला नाही. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीत मी नंबर लावला. त्यांच्या मुलीने उचलला. मी कोण ते सांगितलं.

"मावशी, बाबा गेले," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात. झोपेतच."

समोरच्या स्क्रीनवर उद्याचे भाव एकेक करून उमटत होते.

"बाबा गेले," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यात. झोपेतच."



"बरोबर," ती म्हणाली.