भासऱ्यांसमोर बसायचं नसतं

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत माझ्या भासऱ्यांइतका बडबड्या माणूस शोधून सापडायचा नाही, आणि हा माणूस माझ्या लग्नानंतर चौदा वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यानं धाकट्याच्या बायकोशी थेट बोलू नये आणि तिनं त्यांच्यासमोर बसू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. शेजारच्या सुना आपल्या भासऱ्यांना मोबाइलवर फोटो पाठवतात. आमच्या घरात मात्र ते आले की मी उभी. मांडीवर अर्धा सोललेला लसूण असला तरी उभी.

शाळेत ते व्यायामशिक्षक होते. निवृत्तीनंतरही गळ्यातलं स्टॉपवॉच काही उतरलं नाही. नवरीनं हार घालायला किती सेकंद लावले, हे मांडवात उभं राहून मोजणारा माणूस हा. सिलिंडरवाल्याला दारात अडवायचे आणि पाठ वाकवून का उचललं म्हणून पुन्हा खाली ठेवायला लावायचे. सासुरवाडी पांढुर्ण्याची, त्यामुळे गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेला, जाम नदीच्या काठी दरवर्षी हजर. सगळं पांढुर्णा आपल्या बाजूनं ओरडत असताना यांनी एकदा पलीकडच्या सावरगावच्या पोराकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पाह्य, त्याचा जोर कमरेतून येऊन राहिला. आपले नुसते हातानंच फेकून राहिले." त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना हाताला धरून घरी नेलं म्हणून बरं.

एका हंगामात मी बागेत संत्र्याच्या पेट्या ट्रॉलीवर चढवत होते. मजूर आले नव्हते आणि मला राग आला होता, म्हणून एकेक पेटी एका हिसक्यात वर. दोन झाडांपलीकडून भासऱ्यांचा आवाज आला, पण माझ्यासाठी नाही, माझ्या जाऊबाईंसाठी: "तिले सांग, उद्या पहाटे शेडात ये म्हणा." जाऊबाई माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. तरी त्यांनी शब्द न् शब्द मला सांगितला.

शेडात त्यांनी शाळेतून भंगारात काढलेला बार आणि प्लेटा आणून ठेवल्या होत्या. मी तेव्हा पस्तिशीची. त्यांनी माझ्यासाठी निवडला स्नॅच. म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर, आणि तो वर जात असतानाच आपण पूर्ण खाली बसून त्याला हातांवर तोलायचं, मग उठायचं. "जोर त बैलालेही असते," ते खांबाकडे पाहून म्हणायचे, "फुर्ती पाहिजे म्हणा." फुर्ती यावी म्हणून जाऊबाई उंचावरून संत्रं सोडायच्या आणि मी ते जमिनीला लागायच्या आत झेलायचं. पहिल्या महिन्यात फुटक्या संत्र्यांना म्हशीनंही तोंड लावणं सोडलं.

खरी पंचाईत निरोपांची. मी बार ओढला की ते म्हणणार, "तिले सांग, कोपर वर." जाऊबाई मेथी निवडता निवडता मान वर करणार, पदर नीट करणार आणि सांगणार, "ते म्हणून राहिले, कोपर वर ठेव म्हणे." तोवर बार खाली पडून थंड झालेला असायचा. तरी तीन वर्षं आम्ही तिघं पहाटे तिथं होतो. थंडीत बार हाताला झोंबायचा, तळव्यांना घट्टे पडले, बायका हसल्या. मला कशाचं काही वाटलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं होतं आणि ते मला हवं होतं.

एकच गोष्ट जमेना. मी पूर्ण खाली बसत नव्हते. गुडघे अर्ध्यात अडायचे. भासऱ्यांनी तिळाचं तेल पाठवलं, शेक घ्यायला लावला. मग एकदा ते लोधीखेड्याला लग्नाला गेले आणि त्या पहाटे मी तोच बार घेऊन सरळ खाली बसले. जाऊबाई हसून हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशी ते पेटीवर बसलेले, आणि माझे गुडघे पुन्हा अर्ध्यात. हे त्यांना सांगायचं तरी कुणी?

छिंदवाड्याला पस्तिशीपुढच्या बायकांची स्पर्धा लागली. तिथून निवड झाली तर पुढे राज्याला. नेमका त्याच दिवशी जाऊबाईंना ताप. नवरा नागपूरला नोकरीवर. शेवटी आम्ही दोघंच निघालो. ते बसमध्ये पुढे, मी मागे बायकांत.

पहिल्या दोन्ही खेपा मी घालवल्या. दोन्ही वेळा अर्ध्यात अडले आणि बार मागे गेला. तिसरी गेली की नाव बाद, तीन वर्षं पाण्यात. घड्याळ सुरू झालं. भासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तिले सांगा..." म्हणाले, पण सांगायला कुणीच नव्हतं. मग त्यांनी थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"तू वजनाले भेत नाई," ते हळू आवाजात म्हणाले. "माह्यासमोर बसाची लाज वाटून राहिली तुले. बस, पोरी. मीच सांगून राहिलो, बस."

मी गेले, बार धरला, ओढला आणि बसले. पार खाली. बार डोक्यावर असा थांबला की मलाच खरं वाटेना. मग उठले. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे खेप मान्य. मागे वळून पाहिलं तर भासरे भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते.

परतताना बस खच्चून भरलेली. एकच जागा रिकामी, त्यांच्या शेजारची. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "त्याईले म्हणा, इथं जागा हाये." मी बसले. उमरानाला मागे पडायच्या आत त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तो खांदा दिवसभराच्या ओढाताणीनं ठणकत होता, पण रामाकोना गेलं तरी मी हलले नाही. त्यांचं डोकं फार हलकं लागलं. केव्हा म्हातारे झाले हे, असं मनात आलं. सौंसरचे दिवे दिसले, बसनं वळण घेतलं, ते चुळबुळले. तशी मी डोळे मिटून गाढ झोपेचं सोंग घेतलं, म्हणजे जागे झाल्यावर त्यांना ओशाळायला नको.