खिशातले दिवस

बांधकाम कंपनीच्या ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. पण नोकरीला लागल्यापासून त्यांच्या हातात एक लाकडी पट्टी असायची आणि ती घेऊन ते दिवसभर कागदावर पट्ट्या काढत बसायचे, म्हणून मास्तर. पुढे कॉम्प्युटर आला, लाकडी पट्टी ड्रॉवरमध्ये गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचं काम सांगायला सोपं. इमारत बांधायची म्हणजे दोनशे-तीनशे कामं. ती डावीकडे एकाखाली एक लिहायची, वर तारखा मांडायच्या आणि प्रत्येक कामासमोर एक आडवी पट्टी काढायची. काम सुरू होईल तिथे पट्टी सुरू, संपेल तिथे संपली. एका पट्टीच्या टोकापासून दुसरीकडे बाण, म्हणजे हे झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. याला गँट चार्ट म्हणतात. भिंतीवर लावला की साहेब लोकांना फार आवडतो, कारण तिथे अख्खी इमारत वेळेवर उभी राहिलेली दिसते. साइटवर चिखल असतो, कुणाला ताप येतो, सिमेंटचा ट्रक भलत्याच गेटवर जाऊन उभा राहतो. चार्टवर यातलं काही नसतं.

नवखे होते तेव्हा मास्तर खरे दिवस लिहायचे. प्लास्टरला दहा लागतात ना, मग दहा. साहेबाने दहाचे आठ केले, काम दहा दिवसांनीच संपलं आणि उशिराचं खापर मास्तरांच्या डोक्यावर फुटलं. भर मीटिंगमध्ये पाणउतारा झाला. त्या दिवशी ऑफिसात हेच काम करणाऱ्या जुन्या प्लॅनरने त्यांना बाहेर नेऊन चहा पाजला.

"वेडा आहेस का?" तो म्हणाला. "खरा आकडा कधी कागदावर ठेवतात? दहा लागत असतील तर बारा लिही, दोन खिशात ठेव. कापणारा कापणारच आहे. कापायचं तर खिशातलं कापू दे."

मास्तरांनी हे तीस वर्षं पाळलं. शर्टाच्या खिशात एक लाल डायरी असायची. तिच्यात तीन रकाने: चार्टवरचे दिवस, खरे दिवस, खिशात किती. कुठे दोन, कुठे चार, पायाच्या कामाला चांगले आठ. साहेबांनी कापायला सुरुवात केली की मास्तर चेहरा पाडून म्हणायचे, "साहेब, एवढे लागतातच हो. यात कापायला जागाच नाही." साहेब कापायचे, मास्तर सुस्कारा टाकायचे आणि जागेवर जाऊन डायरीतला तिसरा रकाना दुरुस्त करायचे.

लबाडी होतीच यात, उगाच पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण हा सगळा धंदाच असा चालतो. वाढवलेलं असणार हे कापणाऱ्याला ठाऊक असतं, कापणार हे वाढवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि दोघंही टेबलाच्या दोन बाजूंना साळसूदपणे बसून एकमेकांना खरं बोलायचा उपदेश करतात.

डायरीचं गुपित एकाच माणसाला माहीत होतं, ते म्हणजे भावोजी. मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ताईच्या सांगण्यावरून मास्तरांनीच अठरा वर्षांपूर्वी त्यांना कंपनीत चिकटवलं होतं. भावोजी सेंटरिंगचे फोरमन. स्लॅबचं ओलं काँक्रीट तोलायला खाली फळ्या आणि टेकू उभे करायचे आणि स्लॅब पक्का झाला की ते खोलायचे, हे त्यांच्या टोळीचं काम. दारात मावणार नाही असा आडवा माणूस, आणि आवाज तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याला हाक मारायची सवय असलेला. ऑफिसात आले की आधी मास्तरांच्या खिशावर थाप मारायचे.

"काय मास्तर, किती शिल्लक?"

"हळू बोला की, भावोजी."

"नाही, म्हटलं जड दिसतोय खिसा. शिवण उसवायची."

ताईची लेक बाळंतपणात अडली तेव्हा भावोजी चार दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. मास्तरांनी खिशातले चार दिवस काढून त्यांच्या पट्टीवर टाकले. साइटवर कुणाला पत्ता लागला नाही, लेक आणि बाळ दोघं सुखरूप घरी आली. त्या दिवसापासून भावोजींची मास्तरांच्या खिशावर श्रद्धाच बसली.

मग कंपनीला एका मोठ्या सभागृहाचं काम मिळालं आणि ते दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं तेव्हा नवा मॅनेजर आला. चाळिशीच्या आतला, गोड बोलणारा आणि हुशार. नुसता रागीट असता तर मास्तरांनी त्याला सहज गुंडाळला असता. याने पहिल्या आठवड्यात मास्तरांचे मागच्या पाच इमारतींचे चार्ट काढले, काम खरोखर किती दिवसांत झालं त्याच्या नोंदी शेजारी मांडल्या आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर भिंतीवर दाखवल्या.

"मास्तर, तुमच्या पट्ट्या बघा. जवळजवळ प्रत्येकीत तिसरा हिस्सा नुसती हवा भरलेली आहे," तो हसत म्हणाला. "मी रागावलेलो नाही. पण आता आपण ही हवा काढून टाकू."

सगळे हसले. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मॅनेजरने तिथल्या तिथे सगळ्या पट्ट्या निवडल्या, एक बटण दाबलं आणि अख्खा चार्ट डावीकडे आखडला. दारांचे दिवस कमी झाले, रंगाचे झाले, फरशीचे झाले. मास्तर मनातल्या मनात डायरी चाळत होते. हे गेले, जाऊ दे, खिशातले होते. हेही गेले, चालेल. आणि मग एकशे चौदावी ओळ आली. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाचा स्लॅब: मध्ये एकही खांब नाही, साठ फूट मोकळा. त्याचे टेकू एकवीस दिवस ठेवायचे होते. ते चौदा झाले.

डायरीत त्या ओळीपुढे लिहिलं होतं: चार्टवर एकवीस, खरे एकवीस, खिशात शून्य. मास्तर टेकूंच्या दिवसांशी कधीच खेळले नव्हते. एवढा नियम त्यांनी स्वतःला घातला होता. त्यात थंडी कडाक्याची पडलेली, काँक्रीट आधीच सावकाश धरत होतं.

"साहेब, ही पट्टी नका कापू," ते म्हणाले. "एवढे लागतातच हो. यात कापायला जागाच नाही."

खोलीत हशा पिकला. कारण हेच वाक्य, याच सुरात, असाच चेहरा पाडून ते तीस वर्षं म्हणत आले होते. आता खरं बोलायची वेळ आली, तर त्यांच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं आणि दुसरा चेहराही नव्हता.

"हे खरे आहेत, साहेब."

"आणि बाकीचे?" मॅनेजरने विचारलं.

मास्तरांचा हात खिशाकडे गेला. डायरी काढून टेबलावर ठेवली असती तर काम झालं असतं. तो शून्याचा रकाना कुणालाही दिसला असता. पण त्याच्या वर एकशे तेरा ओळी होत्या आणि त्यातल्या बहुतेक प्रत्येकीत ते खोटं बोलले होते. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. हात खिशावरून फिरला, पेन घेऊन खाली आला. मॅनेजर पुढच्या ओळीवर गेला. मी त्या खोलीत असतो तर काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मास्तरांचा राग मात्र आजही येतो.

काँक्रीटचे ठोकळे दाबून बघायचे असतात, स्लॅब किती धरलाय ते कळायला. त्याचा रिपोर्ट सोमवारी यायचा होता आणि टेकू खोलायची पट्टी आता शनिवारी सुरू होत होती. या दोन पट्ट्यांमधला बाण चार्टवरून नाहीसा झाला. कुणी काढला यावर पुढे पुष्कळ कागद लिहिले गेले.

शुक्रवारी दुपारी मास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजला. भावोजी होते.

"मास्तर, हॉलचे टेकू उद्या खोलायचे म्हणतोय तुझा चार्ट. बरोबर आहे ना? मला जरा लवकर वाटतंय."

मॅनेजर समोरच्या खुर्चीत बसून सुधारलेला चार्ट चाळत होता. फोनवर कोण आहे हे कळून त्याने मान वर केली आणि मंद हसला.

मास्तर म्हणाले, "चार्टवर आहे तसं करा."

"म्हणजे बघितलंयस ना तू?"

"चार्टवर आहे तसं, भावोजी."

संध्याकाळी ताईकडे जाऊन समक्ष सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी मॅनेजरला नवा चार्ट छापून हवा होता. मग ठरवलं, सकाळी साइटवर जाऊ. सकाळी मालकांकडे चार्ट दाखवायला न्यायचा होता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामांना तारखा दिल्या, त्याला स्वतःच्या एका वाक्यासाठी अर्धा तास सापडला नाही. खरं तर सापडत होता, धीर सापडत नव्हता.

शनिवारी अकराच्या सुमाराला हॉलचा स्लॅब मधोमध बसला. साठ टेकू निघाले होते, एकसष्टाव्याला भावोजींनी हात घातला होता. आवाज आला तेव्हा मास्तर गाडीतून साइटच्या गेटवर उतरत होते. धूळ खाली बसेपर्यंत काही दिसेना. टोळीतली दोन माणसं आणि भावोजी, तिघांना बाहेर काढायला संध्याकाळ झाली. मास्तर तोपर्यंत गेटपाशी उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, तो तसाच भरलेला राहिला.

चौकशी बसली. चौकशी अधिकारी बाई होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी मीटिंगची नोंद वाचून दाखवली: "ओळ एकशे चौदा. प्लॅनरने हरकत घेतली, नेहमीप्रमाणे."

"हे 'नेहमीप्रमाणे' म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी लाल डायरी काढून टेबलावर ठेवली. महिन्यापूर्वी जे करायचं राहिलं होतं ते आता केलं, आणि आता त्याचा उपयोग फक्त वकिलांना होता. शून्याचा रकाना सगळ्यांनी पाहिला. मॅनेजरच्या वकिलाने तर दोनदा पाहिला. माझ्या अशिलाला आकडा खरा आहे हे कळायला मार्ग नव्हता, तो म्हणाला; ज्याला ठाऊक होतं तो माणूस इथे बसला आहे, आणि फोरमनने विचारलं तेव्हा याच माणसाने होकार दिला. मास्तरांनी नाही म्हटलं नाही. कंपनीने त्यांना घरी बसवलं, खटला उभा राहिला. पुढच्या तारखा आता कोर्ट देणार होतं.

जबानी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताईकडे गेले. दिवसकार्यानंतर त्यांनी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ताई खाटेवर बसून भावोजींचे कामावरचे शर्ट घडी करत होती. सिमेंटचे डाग धुऊनही निघाले नव्हते. तिने त्यांना बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"डायरीचं ऐकलं मी," ती म्हणाली.

मास्तरांचा हात डायरी नसलेल्या खिशाकडे गेला.

"त्या सकाळी यांचा पाय निघत नव्हता घरातून. डबा घेतला, परत ठेवला. मला म्हणाले, थंडीचा स्लॅब आहे, चौदा दिवसांत खोलायचा म्हणजे मला नाही पटत. मी म्हटलं, मग नका खोलू ना, सांगा साहेबाला. सुट्टी टाका आजची." ताईने शर्टाची बाही सरळ केली. "तर हसले. म्हणाले, अगं, चार्ट तुझ्या भावाचा आहे. आणि मी काल त्याला विचारलं. तो लिहितो त्यातले चार दिवस नेहमी त्याच्या खिशातले असतात. चौदा लिहिलेत म्हणजे दहातच पक्का झाला असणार. मला तो उगाच कच्च्या स्लॅबखाली पाठवायचा नाही."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. जगात एकाच माणसाचा त्यांच्या खिशावर विश्वास होता.

"छोट्या," ताई म्हणाली. लहानपणानंतर या नावाने तिने त्यांना फारशी हाक मारली नव्हती. "होते का रे तुझ्या खिशात चार दिवस?"

"नाही, ताई," ते म्हणाले. "एकही नव्हता."

तिने मान हलवली, पुढचा शर्ट उचलला आणि घडी घालायला लागली.