मामांचा पुसट छाप

परिवहन कार्यालयाच्या फाटकाबाहेर आमचे मामा तीस वर्षं गाड्यांखाली लोळत आले. धंदाच तो. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर तिच्या लोखंडात कोरलेल्या चेसिस नंबरचा छाप सरकारला लागतो. नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची. दिसायला पोरखेळ, पण पहिल्याच खेपेला ठळक छाप काढावा तो मामांनीच. "आतले खुर्चीत लोळतात, मी गाडीखाली. फरक कपड्यांचा," असं ते म्हणायचे. शेजारच्या टेबलावर लोकांचे अर्ज भरत मी ते रोज ऐकायचो.

त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, काविळीने गेला. मागे उरली वहिनी आणि त्याची सात आसनी गाडी. वहिनीला गाडी उत्तम यायची. शाळेच्या मुलांची ने-आण करायचं काम तिने ठरवलंही. फक्त सोमवारच्या आत गाडी तिच्या नावावर व्हायला हवी होती.

मामांनी छाप काढला. कारकुनाने परत केला. "मामा, हा छाप आहे की ढग?" दुसराही पुसट. तिसऱ्यातले दोन आकडेच गायब. "मामा, आता पेन्सिल नको, चष्मा बदला," मीही टोमणा मारून घेतला.

शुक्रवारी दुपारी वहिनी स्वतः आली. मामा गाडीखाली होते. ती वाकली. कागद नंबरावर धरलेला आणि पेन्सिल हातात नुसतीच.

"बाबा, मुद्दाम करताय ना?"

बराच वेळ मला मामांचे फक्त पाय दिसत होते. मग आवाज आला, "मतदार यादीतून गेला. बँकेतून गेला. त्याचं नाव आता गाडीच्या एवढ्या एकाच कागदावर उरलंय गं."

वहिनी बाह्या दुमडून त्यांच्या शेजारी आत सरकली.

"द्या पेन्सिल."

"टोकाने नाही. आडवी धर," मामा म्हणाले. कागद हलू नये म्हणून तो त्यांनीच दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला.

नंबराच्या सतराच्या सतरा खुणा उमटल्या. मामांनी एकेक मोठ्याने वाचली. शेवटची वाचायला वेळ लागला.

"ठळक आलाय," ते म्हणाले. "घेतील."

वहिनी कागद घेऊन आत गेली. मामा बाहेर आलेच नाहीत. रांगेतला मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला, तेव्हा मी उठलो.

"थांबा हो," म्हटलं, "खाली माणूस आहे."