अंगणात काढलेला कापूस

परीक्षेच्या महिन्यात आमच्या पुढच्या खोलीला सरकीचा वास असे. कापूस बाहेर गेलेला, पण आढ्याला, खिडकीच्या गजांना त्याचे पांढरे धागे अडकून राहिलेले, आणि पंखा लागला की ते अस्वस्थपणे हलत राहत...

इचोडा या बाजाराच्या गावापासून आत असलेल्या आमच्या गावाची ती रीतच होती. दहावीची परीक्षा जवळ आली की चांगल्या भावाच्या आशेने साठवलेला कापूस प्रत्येक घर अंगणात काढी, वर ताडपत्री घाली, आणि कोरडी खोली पोरांना देई — आपल्या, आणि हायस्कूल नसलेल्या वस्त्यांवरच्याही.

माझ्या वर्षी, गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी, वादळ आलं. आधी धुळीचा वास, मग ओल्या मातीचा, मग ताडपत्रीचा फडफडाट. खोलीत अभ्यासाला बसलेले आम्ही सगळेच उठलो. बाबा दार अडवून उभे राहिले.

"तुमी गणितं करा. बाहेरचं आमी पाह्यतो."

"आत टाका ना कापूस, काका," वस्तीवरची एक मुलगी म्हणाली. "आमी भितीले लागून बसतो."

"अन् लिहान कुठं, कापसावर?" म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं.

बाहेर आई ओरडत होती, "तिकडून सुटली, तिकडून धरा." मी त्रिकोणाची उंची काढत होतो, आणि ती दर वेळी वेगळी येत होती.

सगळा कापूस भिजला नाही, हे सांगितलं पाहिजे. साधारण तिसरा हिस्सा पिवळा पडला. इचोड्याच्या अडत्याने तो मुठीत दाबून पाहिला.

"काऊन भाऊ, घरात जागा नोती?"

"जागा होती. पोरायचा पेपर होता."

"मंग कापसाले बी बसवाचं होतं पेपरले."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांच्या लेखी उत्तर पूर्ण झालं होतं. गणितात मला अपेक्षेपेक्षा कमीच गुण मिळाले. घरात कुणी ते कापसाशी ताडून पाहिले नाहीत.

आता गावची पोरं हैदराबादच्या वसतिगृहांत शिकतात, माझी मुलगीही. खोली रिकामी करायची वेळच येत नाही — असं मी धरून चाललो होतो. यंदा मार्चमध्ये वस्तीवरचा एक बाप दहावीतल्या मुलीला घेऊन फाटकाशी थांबला. कापसाने आढ्यापर्यंत भरलेली खोली त्याने पाहिली, हवापाण्याचं बोलला, आणि गेला. त्याने काही मागितलं नाही. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, तिकडे आभाळ आलं म्हनतेत. कापूस आत हाये ना?"

"आत हाये," मी म्हणालो, आणि त्यानंतर बराच वेळ मला एका जागी बसवेना.