चोरीची प्रत

पडदा वर जातो, तेव्हा दिसतं ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छापखान्याचं माडीवरचं ऑफिस. साल अठ्ठ्याण्णव, दसऱ्याचा दुसरा दिवस. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार, कपाळी कुंकू. समोर मंजुळा कोळी ताठ उभी, आणि मालक परशुरामशेठ तिच्याकडे बोट रोखून!

मंजुळा चेंदणीच्या कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची. मुलीनं मात्र टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि आठ वर्षं याच खुर्चीत बसून अर्ध्या ठाण्याच्या लग्नपत्रिकांचा मजकूर छपाईसाठी जुळवला. शेठ माजिवड्याचे, बापाची जमीन विकून छापखाना घातलेले. माणूस दिलदार, पण डोक्यात राख घालायला वेळ लागत नसे.

मराठी जुळणीच्या प्रोग्रामबरोबर काडेपेटीएवढी एक किल्ली यायची. ती कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली तरच प्रोग्राम चालायचा. कुणी फुकट नक्कल करू नये म्हणून ही सोय. काल दसऱ्याची पूजा झाल्यावर मंजुळानं जुन्या मशीनची किल्ली काढून नव्याला लावली. आज सकाळी प्रोग्राम उघडला, तर पडद्यावर इंग्रजीत लालभडक अक्षरं: खरी किल्ली नाही, ही प्रत चोरीची आहे.

शेठना तेवढ्यात आठवलं, मंजुळाच्या भावानं, राघोनं, गेल्याच महिन्यात विठ्ठलवाडीला जुळणीचं दुकान टाकलंय.

"खरी किल्ली भावाला दिलीस आन् खोटी हितं लावलीस! व्हय का नाय गो?"

"तोंड सांभाळून, शेठ."

"मी नाय बोलत, मशीन बोलतंय! मशीनचं काय तुझ्याशी वैर हाय? सांजच्यापर्यंत किल्ली आण, नायतर चल चौकीवर!"

बाइंडिंगच्या शांताबाई आणि बाकीच्या बायका काम टाकून जिन्यात गोळा झाल्या होत्या. मंजुळाच्या अंगाची लाही लाही झाली. पण रडेल ती कोळणीची लेक कसली! मासळी शिळी म्हणणाऱ्याला तिची आई भर बाजारात माशाचे ताजे लालबुंद कल्ले उघडून दाखवायची.

"शांताबाई, सगळ्यांना घेऊन वर या," ती कडाडली. "नीट बघा. ही नव्या मशीनची किल्ली काढली. ही त्या कोपऱ्यातल्या जुन्याला लावली. आता बोला!"

जुनं मशीन घरघरलं, आणि प्रोग्राम मुकाट्यानं उघडला. गेल्या आठवड्यातली पत्रिका पडद्यावर हजर!

दुपारी दुरुस्तीवाला डोंबिवलीहून आला. दोन्ही मशीनं तपासून डोकं खाजवत म्हणाला, "शेठ, नवी सिस्टीम या जुन्या प्रोग्रामला किल्लीपर्यंत पोचूच देत नाही. किल्ली दिसली नाही की तो चोरी म्हणून मोकळा. दुसरं वाक्यच शिकवलेलं नाही त्याला."

शेठ ओशाळं हसले. "म्हंजे मशीनच चुकलं की! चल मंजू, बस कामाला. शांताबाई, च्या सांगा सगळ्यांना."

मंजुळानं पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मशीनला काय ठाऊक, मी कोण ते? तुम्ही तर आठ वर्षं माझ्या आईचे सुके बोंबील फुकट खाताय, शेठ!"