हसरा, घुम्या आणि आत्या

विमानाचे रिबिट सुपात निवडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमची आत्या. माझी सख्खी नव्हे, अख्ख्या कारखान्याची. महाडची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती कुठं वसत होती. एका परदेशी विमानकंपनीनं ठरवलं होतं, की या देशात आता विमानं वाढणार, तर बारीकसारीक माल इथंच करून घ्यावा. त्यातले रिबिट, म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणारे बिनआट्यांचे खिळे, आमच्या शेटच्या वाट्याला आले. मी तिथं इंग्रजी पत्रं लिहिणारा कारकून.

रिबिट दोन जातींचे, दिसायला जुळे भाऊ. फरक एवढाच, की टणक जातीच्या डोक्यावर सुईच्या टोकाएवढी खळी असायची आणि मऊ जातीला नसायची. टणकाच्या जागी मऊ बसला तर हवेत पत्रा उसवायचा. निवडायला कंपनीनं भिंगाचे दिवे धाडले होते. आत्या पोलादपूरकडच्या एका वाडीतून एसटीनं यायची. पहिल्या दिवशी तिनं दिवा बाजूला सारला आणि दुसऱ्या दिवशी घरून सूप आणलं. "तांदळातला खडा दिसतो, मग ह्यो नाय दिसायचा?" खळीवाल्याला ती हसरा म्हणायची, दुसऱ्याला घुम्या. महिन्याभरात शेटसुद्धा फोनवर "हसऱ्याचे डबे निघाले का?" असं विचारायला लागले.

विमानाला ती इमान म्हणायची. मी एकदा शहाणपणा केला, "आत्या, वि-मान म्हण." "तेच म्हनतेय की! इमानाचं काम हाय, नीट नको करायला?" सूप रिकामं झाल्याशिवाय ती चहाला शिवत नसे. मग गार झालेला चहा प्यायची आणि चहावाल्याचा उद्धार करायची. शेजारच्या बायांना दम एकच, "काय बोलायचं ते बोला गो, पन सुपाकडं बघून."

एका सकाळी सूप झटकताना विणीतून दोन घुमे खाली पडले. आदल्या दिवशी त्याच सुपातून तिनं हसऱ्यांचा डबा भरला होता. म्हणजे डब्यातही घुमे गेले असणार, आणि डबा तर सील होऊन ट्रकनं मुंबईला रवाना झालेला. ती तडक शेटकडं गेली. शेट म्हणाले, "दोन दाण्यांनी आभाळ कोसळत नाही. उद्या विमानकंपनीचा साहेब येतोय मोठी ऑर्डर द्यायला. तोंडाला कुलूप लाव."

साहेब आला. उंच, घामानं डबडबलेला. सूप बघून तो आत्याच्या टेबलापाशी थबकला. आत्यानं पदर सावरला आणि मला म्हणाली, "सांग त्याला, माझ्या हातून डबा मिसळलाय. मुंबईला गेलाय तो परत आना म्हनावं."

शेट मागून डोळे वटारत होते. मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, "आपण आलात, याचा बाईंना फार आनंद झालाय." साहेब हसला, त्यानं हात जोडले.

आत्या त्याच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं वळली. "हसला कशाला रे तो? मी हसन्यासारखं काय बोलले?"

"आत्या, चाळीस माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे," मी पुटपुटलो.

"आनि इमानात बसनारी मानसं नाय काय? सांग त्याला नीट. तो हसायचा थांबला की मला कळंल तू बरोबर सांगितलंस."

मग मी सांगितलं. साहेबाचं हसू गेलं. त्यानं तिथूनच मुंबईला फोन लावायला सांगितला. गोदामात डबा अडवला, उघडला, तर घुमे निघालेच. शेटना वाटलं, बुडालो. पण जाताना साहेबानं ऑर्डर कायम केली. जिथं चूक सांगायला माणूस भीत नाही, तिथला माल मी घेईन, असं म्हणाला तो. आणि शेटनी? त्यांनी दोनच दिवसांत आत्याला काढलं. चारचौघांत तोंडघशी पाडलं, याचा राग. वर कंपनीच्या फायलीत कारवाई दिसायला हवी, म्हणून पत्र इंग्रजीतून. ते टाइप केलं मी.

आत्या समोर बसली. मी गुळमुळीत सुरुवात केली, "आत्या, सध्या काम जरा कमी आहे, तेव्हा..."

"हाय तसं वाच. मधलं काय गाळू नको."

मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. 'कामात निष्काळजीपणा' हे शब्दसुद्धा गाळले नाहीत. शेवटी तिनं पेन मागून घेतलं आणि सावकाश, काने-मात्रे नीट देऊन सही केली.

"खरं हाय. चूक माझीच होती," ती म्हणाली. मग पत्रावर बोट ठेवून तिनं विचारलं, "तुझी कुठं लिवलीय ह्यात?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं, की वाचताना मी ती ओळ गाळली.

"माझी नाही लिहिली, आत्या," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पोलादपूरची गाडी चुकेल म्हणून उठली. त्या कारखान्यात मी पुढं अकरा वर्षं नोकरी केली.