वाकड्या मॅगझिनचा फोटो

तुम्हा दोघांना मी एक फोटो पाठवायचा कबूल केला होता. तो का पाठवला नाही, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

धाकट्या, गेल्या महिन्यात तू मला संगणकावरचा तुझा खेळ दाखवत होतास. पडद्यावर एक मशीनगन आली आणि मी म्हटलं, "ही पट्ट्याची आहे, मॅगझिनची नाही." तू इतका हसलास की तुझी ताई स्वयंपाकघरातून धावत आली. आजीला हे कसं ठाऊक, असं तिने विचारलं. मग ती म्हणाली, "भिंतीवरचा आजोबांचा बंदुकीवाला फोटो स्कॅन करून पाठव. मोठा करून आमच्या घरी लावू." लग्नाआधीचा त्यांचा तेवढा एकच फोटो आपल्याकडे होता, हे तिला माहीत होतं. मी हो म्हटलं.

आता मला हे कसं ठाऊक, ते सांगते. तुमचे आजोबा सैन्यात आर्मरर होते. बंदुका उघडणं, दुरुस्त करणं, पुन्हा जोडणं हे त्यांचं काम. बढतीच्या परीक्षेचं पुस्तक इंग्रजीत होतं. त्यांचे हात सगळं जाणत होते, पण पान वाचायला लागले की घाम फुटायचा. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते आणि शाळेत शिकवत होते. ते सुटीवर आले की दुपारी जेवण झाल्यावर मी वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मग ते चित्राखालचं नाव तळव्याने झाकून मला विचारायचे, "सांगा मास्तरीणबाई, कोणती व्हय?"

सुरुवातीला मला सगळ्या सारख्याच दिसत. ते म्हणाले, "पूर्ण बंदूक नको पाहू. एकच जागा पाह्य. गोळी कुठून आत जाते?" तेवढ्यावर मला जमायला लागलं. वरून मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बसते ती ब्रेन नावाची जुनी मशीनगन. बाजूने गोळ्यांचा पट्टा शिरतो ती त्यानंतरची, वजनदार. खालून मॅगझिन लागतं आणि त्यातून आतल्या गोळ्या दिसतात, ती त्यांच्या निवृत्तीनंतर आलेली लहान गोळीची. सव्वीस जानेवारीची परेड आम्ही टीव्हीवर अशीच पाहायचो. चित्ररथांकडे आमचं लक्ष नसायचं.

ब्रेनमध्येही दोन पिढ्या आहेत. जुनीत थ्री-नॉट-थ्रीची गोळी चालायची. त्या गोळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. अशा गोळ्या एकीवर एक रचल्या की रांग वाकते, म्हणून मॅगझिनही केळ्यासारखं वाकडं. पुढे बिनकडेची नवी गोळी आली. बंदूक तीच राहिली, पण नळी, तिचं मागचं तोंड बंद करणारा ब्रीच ब्लॉक आणि मॅगझिन बदललं. नवं मॅगझिन जवळजवळ सरळ. लांबून ओळखायची खूण तीच. तुमचे आजोबा सांगायचे, "मी भरती झालो तवापासून सरळवालीच. वाकडी फकत स्टोअरात पाह्यली, चालवली नाई कधी."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. पण ते ऐकताना मी एकदाही मान वळवून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही.

स्कॅन करण्यासाठी मी तसबीर उतरवली, काच पुसली आणि फोटो खिडकीजवळ उजेडात धरला. इतकी वर्षं मी फोटोतल्या माणसाकडे पाहत होते. त्या दिवशी नजर बंदुकीवर गेली. वर मॅगझिन होतं. वाकडं.

मी खुर्चीवर बसले. आधी वाटलं, वयाने माझी नजर चुकत असेल. भिंग आणून पाहिलं. मग जुनी शंका आठवली. तुमचे आजोबा डावरे होते, आणि फोटोतल्या माणसाने बंदूक उजव्या खांद्याला लावली आहे. लग्नानंतर लगेच मी ते विचारलं होतं. ते म्हणाले होते, ब्रेनचं मॅगझिन मधोमध वर, त्यामुळे नेम धरायची पट्टी डावीकडे सरकवलेली. डावऱ्यालाही ती उजव्याच खांद्याला लावावी लागते. हे खरं आहे, मी नंतर पुस्तकात वाचलं. त्यांनी मला खोटं काही सांगितलं नव्हतं. "फोटोत मी आहे," असंही ते कधी म्हणाले नव्हते. मागच्या बाजूला "हे, भरतीच्या वर्षी" असं मी लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, सासूबाईंनी सांगितलं म्हणून.

ते जाऊन दोन वर्षं होत आली; विचारायला घरात कोणी नव्हतं. आपल्या आंजी गावातही आता त्यांच्या बरोबरीचं कोणी उरलं नाही. त्यांच्यासोबत भरती झालेले एक भाऊजी अल्लीपूरला राहतात. फोटो पिशवीत घालून मी वर्ध्याला आणि तिथून दुसऱ्या बसने अल्लीपूरला गेले.

"वहिनी, एवढ्या उनात काऊन आल्या?" भाऊजी ओसरीवरून उठले. "फोन केला असता तं मीच आलो असतो."

मी फोटो हातात दिला. विचारलं, "हे तेच आहेत का?"

त्यांनी चष्मा वर केला, फोटो पाहिला आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला. मग त्यांनी आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरच्या बाजूला तसबीर होती. तोच माणूस, तीच बंदूक, तीच झुकलेली टोपी.

"ट्रेनिंग सेंटरच्या गेटाबाहेर एक फोटोवाला बसे," ते म्हणाले. "आमाले हत्यारासंग फोटो काढू देत नोयते. त्याच्यापाशी कोण्यातरी जुन्या शिपायाचा हा एक होता, त्याच्याच कॉप्या काढून विके. अर्धं तोंड टोपीत, अर्धं बंदुकीच्या दस्त्यामागं. कोनाच्या बी मायले आपलाच पोरगा वाटे. आमी चार-पाच जनाइनं घेतला."

आतून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला. "म्हंजे इतके वर्सं मी परक्या मानसाची धूळ पुसून राह्यली?"

"तुले सांगतलं असतं तं तू जेवाले देल्लं असतं काय?"

"आता बी पाह्यतेच, कोन देते त!"

मी हसले. हसू खरं होतं. पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"त्यांनी मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या मायनं साऱ्या गावाले दाखोला होता तो फोटो. सोताहून कसा सांगते? मंग माय गेली. मंग काय सांगते?"

पण मला बंदुका ओळखायला त्यांनीच शिकवलं. वाकडं आणि सरळ यांतला फरक पुन्हा पुन्हा सांगितला. मी एक दिवस ओळखेन आणि त्यांना सांगावं लागणार नाही, असं त्यांच्या मनात होतं का? की बोलता बोलता ते फोटो विसरूनच गेले होते? दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. आता माझ्याकडे त्यांचा लग्नाआधीचा एकही फोटो नाही, आणि तुम्हाला द्यायलाही नाही.

मी भाऊजींना म्हटलं, "तुम्ही त्यांना त्या वयात पाहिलंय. मी पाहिलं नाही. कसे दिसायचे, ते सांगा." आणि पर्समधून वही काढली.

"कसा म्हंजे? कान मोठ्ठे. डोकं भादरलं तं निरे कानच दिसत. वजनात कमी भरला होता, तं भरतीच्या सकाळी डझनभर केळी खाऊन उभा राह्यला, आन् वजन झाल्यावर भिंतीमागं जाऊन ओकला. कोनी हासलं तं त्याले राग नाई ये. तोच पहिले हासे."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. केळ्यांची गोष्ट मला माहीत नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात ती कधी निघालीच नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं होती. मी डोळे मिटून त्या मोठ्या कानांना एकोणीस वर्षांचा चेहरा लावून पाहत होते. दर वेळी दवाखान्यातला, शेवटच्या आठवड्यातलाच चेहरा यायचा. वर्धा येईपर्यंत मी प्रयत्न केला, मग सोडून दिला.

म्हणून तो फोटो तुमच्या भिंतीसाठी पाठवत नाही. भाऊजींनी सांगितलेलं वर लिहिलं आहे, त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. धाकट्या, आरशासमोर उभा राहा आणि तुझे कान बघ. ताईला त्या कानांचा फोटो काढायला सांग आणि तो मला पाठव.